वन्संच्या गणपतीवरचा केस

वन्सं गेल्या त्या सकाळी मी सर्वांत आधी काय केलं, ते सांगायची मला लाज वाटत नाही. त्यांच्या शेजारची बाई धापा टाकत आमच्या क्वार्टरवर आली आणि दारातूनच म्हणाली, "भाभी, बेनजी सुबे से दरवज्जा नी खोल री हैं. भिया को ले के चलो." आम्ही दोघं तसेच निघालो. ह्यांनी कडी उचकटली. वन्सं कॉटवर कुशीला वळून निजल्या होत्या, नेहमीसारख्या, एक हात उशीखाली... अंग गार पडलेलं. पायाशी पांढरी मांजर मुटकुळं करून बसली होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. हे मटकन जमिनीवर बसले. आणि मी वाकून वन्संच्या पदरावरचा एक लांब पांढरा केस चिमटीत धरला आणि बाजूला टाकला. मग दुसरा काढला. एक गालाला चिकटला होता, तोही काढला. रडू त्यानंतर आलं, आणि रडताना तोंड पदराने पुसलं तर पदराचा केस जिभेवर आला. शिसारी आणि हुंदका एकाच वेळी येणं म्हणजे काय, ते मला विचारा.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. देवासला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. माझं माहेर धारचं. लग्न होऊन मी देवासला आले तेव्हा गावाबाहेर कारखान्यांच्या चिमण्या नुकत्या उभ्या राहत होत्या आणि ह्यांना त्यातल्याच एकात नोकरी लागली होती. टेकडीच्या पायथ्याशी भाड्याचं घर, चार खोल्या एकापुढे एक, आगगाडीसारख्या. पहिल्या दिवशी माप ओलांडून आत आले, पाटावर बसले, उठले, तर माझ्या हिरव्या शालूला मागून लोकर लावल्यासारखी दिसत होती. मी धारच्या स्वच्छ घरातली मुलगी. मला वाटलं पाटावर घोंगडी टाकली असेल. घोंगडी नव्हती. पाटावर माझ्या आधी 'सरदार' बसला होता.

सरदार म्हणजे तांबूस बोका. पांढरी ती 'बाईसाहेब'. आणि एक काळंपांढरं होतं, त्याला नावच नव्हतं. ते बाकीच्या दोघांना भेटायला म्हणून आलं आणि राहिलं, असं वन्सं सांगायच्या. ह्या तिघांनी मिळून माझ्या संसाराची पहिली आठ-नऊ वर्षं अक्षरशः केसाळ करून टाकली. कणीक तिंबावी तर हाताखाली काहीतरी बारीक ओढल्यासारखं लागायचं. ताक घुसळलं की रवीला लोण्याआधी केस लागायचा. गच्चीवर पापड घालावेत, वर पातळ धोतर पसरावं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवावेत, आणि तरी तळणीत टाकलेल्या पापडात एक केस ताठ उभा राहायचा. ह्यांची थंडीतली काळी विजार मी रोज ओल्या हाताने पुसून देत असे. कारखान्यात एका साहेबाने ह्यांना विचारलं होतं म्हणे की तुम्ही शेळ्या पाळता का. आणि त्या बाईसाहेबांना दर पंधरवड्याला केसांचा गोळा ओकायची उबळ यायची. ती अंगणात कधी आली नाही. ती यायची माझ्या चपलेत. एकदा अंधारात मी पाय घातला. तो ओला, कोमट लगदा बोटांत शिरल्याची आठवण झाली की आजही माझे पाय आखडतात. मी तो पाय राखेने घासला, साबणाने घासला, आणि संध्याकाळी जेवले नाही.

आणि ह्या सगळ्यावर वन्संचं उत्तर एकच. माझ्या मांजरांचे केस गळत नाहीत. शांतपणे, डोळ्याला डोळा देऊन सांगायच्या. मग ते केस कुठून येतात? गोधडीतून. शेजारच्या बकरीचे. कापसाच्या गाडीतून उडून आलेले. एकदा तर माझ्याकडे बघून म्हणाल्या की तुझेच गळतायत, शिकेकाई बदल. माझे केस कमरेइतके लांब आणि काळेभोर, हातातला केस बोटभर आणि तांबूस. एका सणाला कन्नौदचे मामंजी, म्हणजे ह्यांचे मामा, जेवायला आले होते. पानात श्रीखंड वाढलं. त्यांनी वाटीतून दोन बोटांनी काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते येतच राहिलं. सगळी पंगत बघायला लागली. वन्संनी पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "केशर आहे मामा. काश्मीरचं. लांब असतं ते." मामंजींनी ते परत वाटीत सोडलं आणि भक्तिभावाने खाल्लं. मी उठून मोरीत गेले. तोंड धरून उभी राहिले, आणि आतून ह्यांचं दाबलेलं हसू ऐकू येत होतं.

आता कुणी विचारेल, मग मांजरं ठेवलीच कशाला. तर त्याला कारण गणपती. माझे सासरे मराठी घरांसाठी गणपती करायचे, त्यांचे वडीलही करायचे. सासरे गेल्यावर ते काम वन्संनी उचललं. तलावाची माती आणायची, चाळायची, तिच्यात कागदाचा लगदा आणि मैद्याची खळ घालून मळायची. त्या खळीच्या वासावर उंदीर यायचे. एका वर्षी उंदरांनी तीन मूर्तींचे कान खाल्ले होते, आणि देवाच्या वाहनाला विष घालायला वन्सं तयार नव्हत्या. तेव्हा देवाला त्याच्याच वाहनापासून वाचवायला मांजरं आली, आणि मांजरांपासून मला वाचवायला कुणीच आलं नाही.

शेवटची, मागच्या अंगाची खोली ही गणपतीची खोली. माती वाळेपर्यंत मांजरं तिथे पहाऱ्याला असायची. पण रंगाचं काम सुरू झालं की चित्र पालटायचं. त्या दिवसापासून मांजरांना त्या खोलीचा उंबरा बंद. वन्सं डोक्यावरून पाणी घ्यायच्या आणि सुती लुगडं न पिळता तसंच गुंडाळून, ओलेत्याने आत जायच्या. जमिनीवर पाणी शिंपडायच्या, दाराच्या फटीला भिजवलेलं गोणपाट लावायच्या, आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. लुगडं अंगावर वाळायला लागलं की आतल्या बादलीतलं पाणी परत अंगावर. श्रावणातल्या दमट हवेत संध्याकाळी बाहेर यायच्या तेव्हा ओठ निळे झालेले असायचे आणि बोटांना सुरकुत्या पडलेल्या. मला ते सोवळं वाटायचं, आणि नवलही वाटायचं, कारण एरवी वन्सं पूजाअर्चेतल्या नव्हत्या. एकदा मी विचारलं. त्या म्हणाल्या, ओल्या कापडावरून केस उडत नाही. मी लगेच पकडलं, कसला केस? वन्संनी बादली उचलली आणि म्हणाल्या, "कसलाही."

एवढीच काय ती कबुली. पण त्या कबुलीची किंमत मी मोजायचे, कारण त्या खोलीतून हाकललेली तिन्ही मांजरं दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात असायची. गणपतीच्या आधीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत किळसवाणे दिवस. मिठाच्या बरणीत केस, देवाच्या वातीत केस, मी निजले की नाकाशी केस. सरदार तर पोळ्यांच्या डब्यावर बसायचा, झाकण कोमट असतं म्हणून. मी चरफडायचे, डबे आपटायचे, भिंतीला ऐकवायचे.

माझ्या धाकट्या भावाच्या, वसंताच्या घरी धारला गणपती आमच्याकडूनच जायचा. ज्या वर्षाबद्दल सांगते आहे त्या वर्षी त्याच्या बायकोला, शालिनीला, सातवा महिना होता. त्याआधी दोनदा तिचं पोट वाया गेलं होतं. दुसऱ्या वेळी मी तिच्याजवळ होते. ती आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती, नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. त्यामुळे ह्या खेपेला घरात सगळी माणसं पाऊलसुद्धा न वाजवता टाकत होती. आमच्याकडे रीत अशी, की घरात बाळंतपण व्हायचं असलं तर त्या वर्षी गणपतीचं विसर्जन करत नाहीत. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटून न्हाऊन उठेपर्यंत तो घरातच राहतो. म्हणून वन्संनी त्याच्यासाठी मूर्ती जरा भक्कम केली होती. वसंता चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊन ती घेऊन गेला. मी स्वतः दारात तिला औक्षण केलं. निघताना वन्संनी मूर्तीवरून दिवा फिरवून पाहिला, मीही पाहिला. आरशासारखी स्वच्छ होती.

आमचा देवासचा गणपती दीड दिवसाचा. तो पोचवून वन्सं आणि मी गौरीजेवणाला धारला गेलो. वसंता पानं मांडताना सांगत होता की बस घाटाबिल्लोदच्या पुढे अशी उडाली की मी गणपतीसकट पुढच्या बाकावर आपटलो, पण बाप्पाला धक्का लागू दिला नाही. सगळे हसले. मग आरतीला उभे राहिलो. माझी आई निरांजन ओवाळत होती, ओवाळता ओवाळता तिचा हात थांबला. तिने निरांजन मूर्तीच्या जवळ नेलं. पोटावर, शेल्याच्या जरा वर, एक बारीक काळी रेघ होती. बोटभर लांब, किंचित वाकडी. आई हळूच म्हणाली, "तडा गेलाय."

आरती तिथेच थांबली. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवायची नाही, ताबडतोब विसर्जन करायची. आणि घरात गर्भारशी, म्हणून विसर्जन तर करायचंच नाही. ठेवता येईना, हलवता येईना. वसंताचा चेहरा पांढराफटक पडला, कारण बसची गोष्ट त्याने पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. आणि शालिनी... तिने दोन्ही हात आपल्या पोटावर ठेवले आणि ती मूर्तीच्या पोटाकडे बघत भिंतीला टेकली. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी आधी एकदा पाहिलं होतं.

वन्सं मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, आईच्या हातातलं निरांजन घेतलं, चष्मा वर सरकवून रेघेजवळ डोळा नेला. खूप वेळ बघितलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तडा नाही विहीणबाई. केस आहे. माझ्या मांजराचा."

कुणाला खरं वाटेना. आईने बोट पुढे केलं, तर वन्संनी तिचा हात धरला. वार्निशाखाली बसलाय, खरवडू नका, रंग निघेल, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांची ती नजर मी चांगली ओळखत होते, डोळ्याला डोळा देणारी. "कुमुदला विचारा. सांग ग, आपल्या घरात केस कुठे कुठे निघतो ते."

आता मला असं कुणी विचारणं म्हणजे धरणाची दारं उघडणं. मी सुरू झाले. पापड सांगितला, ताक सांगितलं, ह्यांची विजार आणि साहेबाच्या शेळ्या सांगितल्या. मामंजींचं केशर सांगितलं. चपलेतला लगदा सांगताना माझा चेहरा असा झाला असावा की वसंताला हसू फुटलं. आईने तोंडाला पदर लावला. आणि मग शालिनी हसली. पोट धरून, भिंतीला डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वन्सं माझ्याशेजारी मान खाली घालून उभ्या होत्या. ज्या बाईने कधी वरणातला केस कबूल केला नव्हता, ती सगळ्यांदेखत एकेका केसाला हो म्हणत होती. शेवटी आईच म्हणाली, मांजराला कुठे विटाळ असतो, ते सोवळ्यातही चालतं, त्याच्या केसाचं काय एवढं. निरांजन परत तिच्या हातात गेलं आणि आरती पुरी झाली.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, वन्सं, वार्निशच्या दिवशी तिन्ही मांजरं माझ्याकडे होती. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. सोयाबीनची शेतं नुकती भरायला लागली होती. तिकडेच बघत म्हणाल्या, "तुझी भावजय सुटू दे आधी."

शालिनीला मुलगी झाली. चांगली रडकी, धडधाकट मुलगी. ती न्हाऊन उठल्यावर वसंताने मला विसर्जनाला बोलावलं, आणि तलावाच्या पायरीवर मूर्ती मीच हातात धरली. वार्निशाखाली केस असला तर बोटाला बारीक उंचवटा लागतो. माझ्या पापडांमुळे मला ते पक्कं ठाऊक. मी अंगठा रेघेवरून फिरवला. अंगठा खाली घसरला. रेघ आत गेली होती, खोल, आणि आधी होती त्याहून लांब झाली होती. मी कुणाला काही बोलले नाही, मूर्ती पाण्यात सोडली. देवासला आल्यावर वन्संना सांगितलं की विसर्जन झालं. त्या ब्रश धूत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "गणपती पाण्यापर्यंत टिकला ना?" मी म्हटलं, टिकला. "झालं तर," म्हणाल्या, आणि पुढचा ब्रश घेतला.

पण धारची माणसं ती गोष्ट विसरणार कशी? माझी हकिगत इतकी रंगली होती की ती मुंजी-लग्नांतून फिरत देवासला आमच्या आधी पोचली. मांजराच्या केसाचा गणपती. लोकांचं हसणं मनापासूनचं होतं, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. तरी मूर्ती सांगायला आलेला माणूस जाताना म्हणायचा, बाई, यंदा केस नको हं. बागलीचं एक घराणं सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडून गणपती न्यायचं. त्यांनी इंदूरच्या बाजारातून न्यायला सुरुवात केली. हळूहळू फळीवर मूर्ती कमी दिसायला लागल्या. वन्सं हसून सोडून द्यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं की आता मुलगी चालायला लागली, सांगून टाका की खरं काय ते. तर म्हणाल्या, वसंतराव बसचं मनाला लावून घेतील. आणि सरदारला उचलून मांडीवर घेतलं. त्याचे केस भुरूभुरू उडाले आणि माझ्या चहात पडले. मी तो चहा मोरीत ओतला. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

पुढे आम्हाला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळाला आणि आम्ही वेगळे राहायला गेलो. वन्सं टेकडीपाशीच राहिल्या. निवृत्त झाल्या, सरदार म्हातारा होऊन गेला, गणपती मात्र दर वर्षी केले, शेवटी शेवटी पाच-सहा का होईनात. ओलेत्याने केले. छातीत कफ धरायला लागला तरी केले. डॉक्टरांनी सांगितलं, मी भांडले, ऐकलं नाही.

दिवसवार झाल्यावर घर रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून गेल्या आठवड्यात मी झाडू घेऊन गेले. पहिल्या खोलीत कॉटखालून केसांचा गालिचा निघाला. दुसऱ्या खोलीत कपाटामागे केसांची दोरी झाली होती. स्वयंपाकघरातल्या हळदीच्या डब्यात केस होता. मी नाकाला पदर बांधला, तोंडाने सारखी शी-शी चालली होती, आणि वन्संना जे कधी बोलू शकले नाही तेही बोलून घेतलं. मग शेवटची खोली उघडली. गोणपाट दाराशी घडी करून ठेवलं होतं. फळीवर मागच्या श्रावणातलं रंगाचं सामान होतं. मी तीही खोली झाडली, कोपऱ्यांतून, फळीखालून, खिडकीच्या चौकटीतून. सुपलीत माती आली, वाळलेल्या रंगाच्या खपल्या आल्या. सुपली उजेडात नेऊन बोटाने चाळली. केस नव्हता. मागे वळले तर ते बिननावाचं काळंपांढरं मांजर उंबऱ्याबाहेर बसलं होतं. दार सताड उघडं होतं, अडवणारं कुणी नव्हतं. मी त्याला ये म्हटलं. ते तिथेच बसून राहिलं.

हे ज्या रविवारच्या पुरवणीत छापून येईल ती धारलाही जाते. माझी भाची आता झाडावर चढते आणि हिंदी शाळेत शिकते. तिला हे वाचायला जड जाईल, तर शालिनीने वाचून दाखवावं. वसंता, बस तू चालवत नव्हतास, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. आणि ज्यांनी ज्यांनी वन्संना हसत हसत यंदा केस नको असं सांगितलं, त्यांनी माझं ऐकावं, कारण त्या घरातल्या केसांचा माझ्याइतका तिटकारा दुसऱ्या कुणाला नव्हता. वन्संच्या घरात केस नाही अशी जागा नव्हती. माझ्या पोळीत होता, चहात होता, त्या गेल्या तेव्हा त्यांच्या गालावर होता. वन्संच्या गणपतीवर केस नव्हता.